तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे व्यसनी माणसासाठी सर्वांत धोक्याचे का असतात? मदत कुठे मिळते?

"दीड वर्ष आत होता, एक थेंब घेतला नाही. आता व्यसन सुटलंच की!" तुरुंगातून माणूस घरी आला की घरचे आणि शेजारचे बऱ्याचदा असंच म्हणतात. पण आत जाण्याआधी ज्यांना दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन होतं, त्यांच्या जिवाला सुटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक धोका असतो.

पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं काय होतं?

रोज नशा करणाऱ्याच्या शरीराला त्या मात्रेची सवय होते. तोच परिणाम हवा असेल तर मात्रा वाढवावी लागते. तुरुंगात नशा बंद झाली की ही सवय मोडते. मेंदूला मात्र जुनी ओढ आणि जुनी मात्रा दोन्ही आठवत असतात. बाहेर आल्यावर माणूस 'पूर्वी घ्यायचो तेवढंच' घेतो आणि तेवढंही शरीराला झेपत नाही. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइन किंवा अफूपासूनच्या इतर पदार्थांमुळे अशा वेळी श्वास मंदावतो, थांबूही शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर धोका आणखी वाढतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटका झालेल्या 30,237 कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत 12.7 पट होता. ओव्हरडोसने मृत्यू होण्याचा धोका तर 129 पट होता.

आत बंद होती, मग बाहेर का सुरू होते?

व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. तुरुंगात नशा मिळाली नाही, याचा अर्थ उपचार झाले असा होत नाही. बाहेर जुना अड्डा, जुने मित्र आणि 'सुटलास, आज बसू' म्हणणारे सगळे तिथेच असतात. त्यात काम मिळत नाही, उधारी थकलेली असते, गल्लीतले लोक टाळतात आणि कोर्टाची तारीखही चुकवता येत नाही.

भारतात एक अडचण आणखी आहे. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला निकाली निघायच्या आधीपासून आत असलेले. त्यांची सुटका बहुतेकदा जामिनावर होते आणि ती कधी होईल हे आधी सांगता येत नाही. शिक्षा संपण्याची तारीख ठरलेली असते, जामिनाची नसते. त्यामुळे उपचारांची तयारी सुटकेनंतर करू म्हटलं, तर उशीर होतो.

घरच्यांनी आधी काय करावं?

- मुलाखतीच्या वेळी किंवा वकिलामार्फत विचारून घ्यावं: आत औषधं सुरू आहेत का? असतील तर केस पेपर आणि औषधांची चिठ्ठी सुटताना सोबत घ्यावी.
- सुटकेच्या दिवशी घ्यायला कुणीतरी विश्वासाचं माणूस जावं.
- पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावं.
- 'पुन्हा घेतलीस तर घरात पाय ठेवू नकोस' असा दम देणं टाळावं. भीतीपोटी माणूस लपून, एकटा नशा करतो आणि काही झालं तर मदतीला कुणी नसतं.

ओव्हरडोस झाला तर?

माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास अगदी संथ असेल, ओठ किंवा नखं निळसर पडली असतील, तर लगेच 108 वर फोन करावा. त्याला कुशीवर झोपवावं आणि एकटं सोडू नये. उलटी करायला लावू नये. तोंडात पाणी, लिंबू, ताक काहीही घालू नये. काय घेतलं होतं, हे डॉक्टरांना खरं सांगावं.

उपचार कुठे मिळतात?

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं दिली जातात. त्यांनी तलफ आणि त्रास आटोक्यात राहतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कैदी आणि सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात.

केंद्र निवडताना नोंदणी, डॉक्टर आणि भेटीची सोय तपासावी. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी संबंधित मानसिक विकारही येतात. या कायद्यानुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. मारहाण करून 'सुधारणारी' केंद्रं टाळावीत.

उपचार घ्यायला गेलं तर पोलीस पकडतील का?

अनेकजण या भीतीनेच दवाखान्यात जात नाहीत. एनडीपीएस कायदा, 1985 मधलं कलम 64अ इथे महत्त्वाचं आहे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेतले, तर तिला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. कलम 39 नुसार अशाच गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिची संमती असेल तर, न्यायालय लगेच शिक्षा न देता उपचारांसाठी सोडू शकतं. विक्री किंवा तस्करीच्या गुन्ह्यांना या सवलती लागू नाहीत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

पुन्हा घेतली तर सगळं वाया गेलं का?

नाही. घसरण झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला कळवावं. औषध, मात्रा किंवा भेटींचं वेळापत्रक बदलावं लागू शकतं. मधुमेहात साखर वाढली म्हणून कुणी उपचार सोडत नाही, तसंच हे आहे.

लक्षात ठेवायचे नंबर

- 14446: राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन
- 14416: टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठी
- 15100: मोफत कायदेशीर मदत
- 108: रुग्णवाहिका