पायपट्टी

पायपट्टी : घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पायाभोवती गुंडाळावयाची लोकरीची वा सुती कापडी पट्टी. सैनिक व पोलीस शिपाई यांच्या गणवेशात तिचा दीर्घकाळ समावेश होता. संस्कृत ‘पट्ट’ या शब्दापासून आलेले हे नाव एकोणिसाव्या शतकात हिंदीतून इंग्रजीत गेले. हिमालयातील पहाडी लोक थंडी व काटेकुटे यांपासून रक्षण व्हावे म्हणून पायांना अशा पट्ट्या बांधीत. त्यांचे अनुकरण हिंदुस्थानातील ब्रिटिश सेनेने केले आणि १९०२ पासून ब्रिटिश पायदळाच्या खाकी पोशाखात पट्टी सर्वत्र रूढ झाली.

नागपूर परिसरात या पोशाखाचा संबंध कामठीशी पोचतो. सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये ही छावणी वसविण्यात आली. थंड मुलखातील हे लोकरी वस्त्र, वैशाखात पारा ४५° से.च्या वर जाणाऱ्या प्रदेशातही गणवेश म्हणून चालू राहिले, यात सोयीपेक्षा एकरूपतेचाच विचार अधिक दिसतो.

पट्टी सु. १० सेंमी. रुंद व पावणेतीन मी. लांब असे. पायदळातील शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळीत व शेवटची फीत गुडघ्याखाली बांधीत; घोडदळात याउलट वरून खाली येऊन फीत घोट्याशी बांधण्याची रीत होती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला असावा लागे. पोटरीचा भाग फुगीर असल्याने सरळ पट्टी तेथे नीट बसत नसे. म्हणून पुढे वक्राकार विणीच्या पट्ट्या निघाल्या. खरे कौशल्य ताण राखण्यात होते. वेढे सैल राहिल्यास कूच करताना पट्टी घसरे, फार आवळल्यास पायाचे रुधिराभिसरण मंदावे. बर्फावरील हॉकीच्या बुटांची नाडी आवळतानाही खेळाडूपुढे हाच पेच असतो : घोट्याला आधार हवा, पण बोटे बधिर होता कामा नयेत.

सैनिकाच्या बाबतीत ही चूक पाय गमावण्यापर्यंत जाई. पहिल्या महायुद्धात १९१४–१५ च्या हिवाळ्यात फ्लँडर्समधील पाण्याने भरलेल्या खंदकांत हिंदी पलटणीही होत्या. तेथे ‘खंदक-पाय’ ही व्याधी पसरली. पाय सुजत, काळे पडत, कधी कापावे लागत. थंडी व ओल ही तिची मुख्य कारणे. परंतु भिजून आटलेली पट्टी व घट्ट बूट यांनी तीत भर घातली. म्हणून पट्ट्या सैल करणे, पायांना तेल चोळणे व मोजे वारंवार बदलणे यांविषयी सक्त हुकूम निघाले. त्यांचा परिणाम चांगला झाला, मात्र ते बरेच उशिरा निघाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लांब पट्टीची जागा जाड कापडाच्या घोटापट्ट्यांनी घेतली. घोट्यापुरती आखूड पट्टी ब्रिटिश सेनेत त्यानंतरही टिकून होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तेथील ओल्या दलदलीत खंदक-पायाने पुन्हा अनेक सैनिक आजारी पडले, तेव्हा कोठे उंच बूट देण्यात येऊन तिची गरज संपली.