३००/१९० : फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब

#इतिहास #थ्रेड

१२ एप्रिल १९४५. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कागदपत्रे पाहत बसले होते. समोर एलिझाबेथ शूमाटॉफ त्यांचे चित्र रंगवीत होत्या. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागील भागात भयंकर वेदना होत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला रक्तदाब ३००/१९० होता. मेंदूतील रक्तस्रावाने दुपारी ३.३५ वाजता त्यांचे निधन झाले. वय ६३.

त्यांचे वैद्यकीय सल्लागार, नौदलाचे रॉस मॅकइंटायर यांनी हा आघात पूर्णतः अनपेक्षित असल्याचे सांगितले.

आता नोंदी पाहू. १९३५ : १३६/७८. १९३७ : १६२/९८. १९४१ : १८८/१०५.

मॅकइंटायर हे मूळचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. पण सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर आपणहून दाब वाढवते, तेव्हा तो कमी करणे घातक ठरेल, असे त्या काळी अनेक नामवंत वैद्य मानत. हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांच्या १९३१ च्या ग्रंथातही या भरपाईच्या यंत्रणेला हात न लावण्याकडे कल दिसतो. उलट विमा कंपन्या रक्तदाब जास्त असलेल्या ग्राहकांविषयी केव्हाच सावध झाल्या होत्या. वैद्यकाच्या आधी हिशेबनिसांना धोका कळावा, हे मला या कथेतील सर्वांत बोलके वाटते.

मार्च १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा खोकला व थकवा हटेना, तेव्हा बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयातील तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांना बोलावण्यात आले. रक्तदाब होता १८६/१०८. ब्रून यांना श्वासनलिकेचा दाह दिसलाच, पण त्यामागचे मोठे दुखणेही दिसले. वर्षानुवर्षे वाढीव दाबाविरुद्ध झगडून हृदय विस्तारले होते, ते रक्त पुरेसे पुढे ढकलू शकत नव्हते आणि त्याचा भार फुप्फुसांवर येत होता. म्हणजे ‘हार्ट फेल्युअर’. फ्लू व खोकला म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, त्याची पाळेमुळे रक्तदाबात होती.

डिजिटॅलिस, कमी मीठ, वजन घटवणे, कमी सिगारेटी व विश्रांती असे उपचार सुरू झाले. हृदयाला उतार पडला. पण खुद्द रक्तदाब आवरेल असे परिणामकारक औषधच हाती नव्हते. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. मतदारांना त्यांची प्रकृती उत्तम असल्याचेच सांगितले गेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत स्टालिनशी वाटाघाटी चालू असताना त्यांच्या नाडीचा एक ठोका जोरकस व पुढचा क्षीण पडत असल्याचे ब्रून यांना आढळले.

त्यांच्या मृत्यूनंतर मूळ वैद्यकीय नोंदवही नाहीशी झाली, ती आजतागायत सापडलेली नाही. आपल्याला हे तपशील मिळतात ते मुख्यत्वे ब्रून यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून. रूझवेल्ट यांनी आपल्या आजाराविषयी कधी एक प्रश्नही विचारला नाही, असे त्यांनी त्यात लिहिले आहे.

१९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी ३० ते ६२ वयोगटातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. रक्तदाब व हृदयविकार, पुढे रक्तदाब व पक्षाघात यांचे नाते तिने आकड्यांनी दाखवले. दाब उतरवल्याने खरोखर जीव वाचतो का? १९६७ मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले : १४३ पुरुषांपैकी औषधाविना असलेल्या गटात २७ जणांना गंभीर आघात, औषध घेणाऱ्या गटात अवघे २.

त्या चाचणीतील तीन औषधांपैकी एक रेसरपिन, आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून मिळालेले. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगासमोर मांडणारे डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईचे. त्यांच्याविषयी पुढच्या थ्रेडमध्ये.