वळलेला नाला आणि साडेनऊ मीटरांचा पाठ

शालेय भूगोलात 'प्रस्तरभंग' शिकताना आपण सर्वांनी गट पर्वत आणि खचदरी यांच्या आकृत्या काढलेल्या असतात. जमीन एकीकडे उचलली जाते, दुसरीकडे खचते, हे चित्र त्यामुळे मनात पक्के बसते. भेगेच्या दोन्ही बाजू वर-खाली न होता एकमेकींना घासत आडव्या सरकू शकतात, हे त्या आकृत्यांत येत नाही. आमचीही समजूत तेवढ्यावरच थांबलेली होती. कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानावरील संशोधनाचा इतिहास आम्ही हाती घेतला तो निव्वळ कुतूहलापोटी. पण हा वाचनाचा इतिहास आहे आणि त्याच्या मध्यभागी एक मोठे चुकीचे वाचन आहे, असे ध्यानात आल्यावर तो साहित्याच्या वाचकांसमोर ठेवावासा वाटला.

सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाचे आडवे सरकणे जगाला ठळकपणे दिसले ते १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात. सरळ रेषेत घातलेली शेतांची कुंपणे मधेच तुटून बाजूला गेली. पॉइंट रेयेस येथे एक रस्ता सुमारे ६ मीटर सरकला. ज्यांनी कुंपणे घातली त्यांना गायीगुरे आवरायची होती, पण नकळत त्यांनी भूशास्त्राला मोजपट्टी पुरवली. हॅरी फील्डिंग रीड याने आधीच्या अर्धशतकातील भूमापनाच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा भेगेपासून दूरची ठिकाणे भूकंपापूर्वीच हळूहळू सरकत होती असे आढळले. भेगेपाशी खडक अडकून राहतो, ताण साठतो, आणि साठलेला ताण एका क्षणी सुटतो, ही त्याची उपपत्ती आजही पायाभूत मानली जाते.

परंतु कुंपणावरून एका भूकंपाची हालचाल कळते, युगानुयुगांची नव्हे. मोहावी वाळवंटाच्या कडेचा प्रदेश पिंजून काढणाऱ्या लेव्ही नोबलने १९२६ मध्ये सुमारे ३८ किलोमीटरांचे आडवे विस्थापन सुचवले, तर मेसन हिल आणि टॉम डिब्ली यांनी १९५३ मध्ये ५६० किलोमीटरांपर्यंतचा आकडा मांडला. पुढे वाळवंटाच्या पश्चिम टोकावरील नीनाक येथील ज्वालामुखीजन्य खडक आणि वायव्येला पिनॅकल्स येथील खडक हे एकाच ज्वालामुखीचे दोन तुकडे असल्याचे सिद्ध झाले. दोहोंत अंतर सुमारे ३१५ किलोमीटर, वय सुमारे २.३ कोटी वर्षे. फाटलेल्या पोथीची दोन पाने दोन गावी सापडावीत तसे.

या दोन टोकांच्या मधला काळ, म्हणजे काही शतके ते काही सहस्रके, कॅरिझोच्या मैदानात वाचता येतो. लॉस एंजेलिसच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरांवर हे उजाड, रुक्ष मैदान आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर. शेजारच्या डोंगररांगेचे नाव टेंब्लर, स्पॅनिशमध्ये याचा अर्थच भूकंप. या डोंगरातून उतरणारा एक नाला प्रस्तरभंगापाशी येताच काटकोनात उजवीकडे वळतो, भेगेच्या कडेने सुमारे १३० मीटर जातो आणि पुन्हा डावीकडे वळून मैदानात उतरतो. मुळात तो सरळच होता. पलीकडची जमीन वायव्येला सरकत राहिली आणि नाला तिच्यामागे ओढला गेला. रॉबर्ट वॉलेस या भूशास्त्रज्ञाच्या नावाने तो वॉलेस क्रीक म्हणून ओळखला जातो. केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी येथे चर खणले, गाळातील कोळशाचे कार्बन पद्धतीने वय काढले आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडला: १३० मीटर सरकायला सुमारे ३,७०० वर्षे लागली, म्हणजे वर्षाला सरासरी ३४ मिलिमीटर. आपल्या बोटांची नखे साधारण याच गतीने वाढतात.

येथपर्यंतचे वाचन आजही टिकून आहे. अडचण आली ती लहान ओहोळांच्या बाबतीत. ९ जानेवारी १८५७ रोजी फोर्ट टेहोनचा प्रचंड भूकंप झाला. त्याची तीव्रता ७.९ च्या आसपास मानतात. वस्ती इतकी विरळ होती की दोनच मृत्यूंची नोंद आहे, आणि या मैदानात मोजण्याजोगी कुंपणे तर नव्हतीच. म्हणून भेगेवरून जाणारे छोटे ओहोळ मोजले गेले. वॉलेस क्रीकपाशी सर्वांत कमी सरकलेले ओहोळ सुमारे ९.५ मीटर तुटलेले दिसले, आणि ही सर्व हालचाल १८५७ ची असे ठरले. त्याआधीच्या दोन भूकंपांच्या वाट्याला १२.३ आणि ११ मीटर आले. असे महाभूकंप २४० ते ४५० वर्षांच्या अंतराने होतात, असा हिशेब निघाला. याचा व्यावहारिक अर्थ उघड होता. ९.५ मीटरांना ३४ मिलिमीटरांनी भागले तर सुमारे २८० वर्षे येतात. म्हणजे बाविसाव्या शतकापर्यंत या भागापुरती उसंत. ज्या शहराचे पाणी कालव्यांतून आणि बोगद्यांतून हाच प्रस्तरभंग ओलांडून येते, त्याला हा आकडा दिलासा देणारा होता.

२००५ मध्ये विमानातून लेसर किरणांनी या पट्ट्याचे अतिसूक्ष्म मापन झाले. त्या नकाशांवर ओलाफ झील्के, रॅमन ॲरोस्मिथ, लिसा ग्रँट लुडविग, सिनान आक्चिझ यांनी जमिनीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या पुसट ओहोळांसह सर्व खुणा पुन्हा मोजल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की १८५७ मध्ये या भागातील सरकणे सरासरी ५.३ मीटरच होते; ९.५ मीटरांत किमान दोन भूकंप एकत्र मोजले गेले होते. त्याच वर्षी जवळच्या बिडार्ट फॅन येथील चरांतून, मागील काही शतकांत भूकंपांमधील सरासरी अंतर सुमारे ८८ वर्षे असल्याचे पुढे आले.

चूक मोजपट्टीची नव्हती, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. सीह यांचे मोजमाप काटेकोरच होते. चुकले ते मोजण्याआधीचे गृहीत: भूकंपांपेक्षा ओहोळ अधिक वेळा तयार होतात, म्हणजे प्रत्येक धक्क्यानंतर एखादा नवा, सरळ ओहोळ कोरला जातो आणि पुढचा धक्का त्याच्यावर आपली वेगळी नोंद ठेवतो. पण जिथे पाऊसच क्वचित, तिथे जमीन कोरणारे पाणी दोन भूकंपांच्या मधल्या काळात येईलच असे नाही. मग जुनाच ओहोळ दुसऱ्यांदा सरकतो आणि दोन धक्के एकच दिसतात. ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली आहे त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. मधली प्रत हरवली की दोन लेखनिकांनी केलेले बदल एकाच्याच माथी मारले जातात. ज्या कोरडेपणाने हा दस्तऐवज शतकानुशतके पुसू दिला नाही, त्यानेच त्यातील मधली पाने लिहिली नाहीत.

नवा आकडा घेऊन तोच भागाकार केला तर ५.३ मीटर साठायला सुमारे १५६ वर्षे लागतात. १८५७ मध्ये ती मिळवली तर २०१३ येते. असा भागाकार म्हणजे भविष्यवाणी नव्हे, कारण प्रत्येक भूकंपात जमीन सारखीच सरकत नाही, हेही याच अभ्यासकांनी दाखवले आहे. १८५७ नंतर कॅरिझोच्या मैदानातील भेग हललेली नाही. कडेच्या कोरड्या ओहोळांपैकी काही एकदा तुटलेले आहेत, काही दोनदा. आणि १८५७ नंतर कोरले गेलेले मात्र भेगेवरून अजून सरळ जातात.