बाराचा भाग

  चूल, शेत, पोरंबाळं आवरून बसला असाल तर आज थोडं हिशोबाचं बोलू या. हिशोब म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या बाया म्हणतात, “ते तुम्ही बघा बाई, आम्हाला नाही जमत.” आज त्यांच्यासाठीच बोलणार आहे.

मागे विरार पूर्वेला एका पाड्यावर बचत गटाच्या बैठकीला गेले होते. वर्षभराच्या पापड-लोणच्यांचा नफा वाटायचा होता. नफा ४,३६८ रुपये, बाया बारा. वही लिहिणाऱ्या मुलीने मोबाइल काढला, तर त्याचं चार्जिंग संपलेलं. वीज सकाळपासून गेलेली. ती म्हणाली, “उद्या सांगते.” कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, बारांना वाटायला उद्या कशाला? अर्धं कर, परत अर्धं कर, मग तिघींत वाट.”

मुलीने लिहिलं. ४,३६८ चे अर्धे २,१८४. त्याचे अर्धे १,०९२. त्याचे तीन वाटे केले, ३६४. प्रत्येकीला ३६४ रुपये. आजी एवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, “आता उलटं मोजून बघ.” ३६४ दहा वेळा म्हणजे ३,६४०. आणखी दोन वेळा म्हणजे ७२८. बेरीज ४,३६८. हिशोब चोख.

या आजी दुसरीतून शाळा सुटलेल्या. पुढं आयुष्यभर भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने विरारहून दादरला गेल्या. मी विचारलं, “हे कुणी शिकवलं?” त्या म्हणाल्या, “शिकवायचं काय? वाटा करायलाच लागतो.” तेव्हापासून माझ्या मनात होतं की, हा वाटा करायचा हिशोब आपल्याकडे किती जुना आहे ते तुम्हाला सांगावं.

त्यासाठी फार लांब जायला नको. विरारच्या अलीकडचं स्टेशन नालासोपारा. जुन्या काळी हे शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथं सापडले आहेत. या शूर्पारकाचं नाव नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यातही कोरलेलं आहे. तो लेख साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने काय काय दान दिलं, ते त्यात लिहिलं आहे. शूर्पारकात वाटसरूंसाठी त्याने निवारा बांधला, हेही आहे. पण आपल्या कामाचा भाग पुढंच आहे.

उषवदाताने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या संघांकडे ठेवली. २,००० एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता आपण हा हिशोब तपासून बघू. शेकडा एक म्हणजे २,००० ला महिन्याचे २०. बारा महिन्यांचे २४०. त्याचे वीस वाटे केले की प्रत्येकाला बरोबर १२. एकही नाणं कमी नाही, एकही जास्त नाही. दगडात कोरायच्या आधी कुणीतरी बसून हा भागाकार केला होता. लेखात असंही म्हटलं आहे की, हे सगळं सभेत वाचून दाखवलं आणि फळ्यावर नोंदवलं. म्हणजे मुद्दल, व्याज, वाटणी आणि सगळ्यांसमोर वाचन. आपल्या गटाच्या बैठकीत यापेक्षा वेगळं काय असतं?

आता तिथून हजारेक वर्षं पुढं येऊ. भास्कराचार्यांचं नाव तुमच्या मुलांच्या पुस्तकात असेल. त्यांनी ११५० साली ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथं मठ उघडला होता. तसा शिलालेख तिथं आहे. लीलावती ही त्यांची मुलगी होती असं सांगतात. ती गोष्ट १५८७ साली फैजीने या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यातून पसरली. मुलगी असो वा नसो, ग्रंथातली कितीतरी गणितं एका मुलीला उद्देशून विचारली आहेत, एवढं खरं.

त्यातलं गुणाकाराचं पहिलं गणित असं: १३५ ला बाराने गुण. उत्तर १,६२०. लगेच पुढं भागाकार सांगितला आहे आणि तेच गणित उलटं फिरवलं आहे. १,६२० ला बाराने भागलं की परत १३५ यायला हवेत. आजींनी मुलीला “उलटं मोजून बघ” म्हटलं, तीच ही पडताळणी.

भास्कराचार्य भागाकाराच्या दोन रीती देतात. एक, भाजकाची जेवढी पट जाईल तेवढी वजा करत जायचं. दुसरी, भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच अंकाने भाग जात असेल तर आधी दोन्ही लहान करून घ्यायचे. १,६२० आणि १२, दोघांना चाराने भाग जातो. राहिले ४०५ आणि ३. तीनाने भागले, १३५. चाराने भागणं म्हणजे दोनदा अर्धं करणं. मग तिघांत वाटणं. म्हणजे ग्रंथातली रीत आणि विरारच्या आजींची रीत एकच झाली. आजींनी ‘लीलावती’चं नावही ऐकलेलं नाही.

त्या काळी हे सगळं पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने लिहीत. अंक पुसायचा, नवा लिहायचा. ही रीत इथून अरबांकडे गेली, तिथून युरोपात. कागदावर पुसता येईना म्हणून तिथले लोक अंक खोडत गेले. आज शाळेत एकाखाली एक वजाबाकी लिहून भागाकार करतात, ती मांडणी इटलीत १४९१ साली छापलेल्या एका पुस्तकात दिसते.

पण आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात पाटी कुठं होती? त्यांच्या हातात मापं होती. जरा आठवून बघा, घरात कुणाकडून तरी ऐकलं असेल. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे शेर. दोन शेर म्हणजे अडिशरी आणि दोन अडिशऱ्या म्हणजे पायली. प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट. म्हणजे पायलीत ६४ निळवी. गावोगावी माप थोडं लहानमोठं असे, पण अर्ध्याचं अर्धं ही रीत तीच.

रुपयाही तसाच होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आता गंमत बघा. पायलीत ६४ निळवी आणि रुपयात ६४ पैसे. तांदूळ जितके रुपये पायली, तितके पैसे निळवं. वजनाच्या शेरात १६ छटाक आणि रुपयात १६ आणे. म्हणून गूळ जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. भागाकार करायचीच गरज नाही, तो मापातच करून ठेवलेला. अडलंच तर पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. मुलगे पंतोजींपुढे बसून ओरडून हे पाढे म्हणत. मुलींना तिथं जागा नव्हती. ज्या शिकल्या, त्या बऱ्याचदा भावाचं पाठांतर कानांनी ऐकून.

ज्याला भागता येत नाही, त्याचा वाटा दुसरा ठरवतो. हे जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखलं होतं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढं १८८२ साली सरकारच्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. गावच्या शाळेत काय शिकवावं ते त्यात सांगितलं. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं आणि त्याच्या जोडीला हिशोब. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते शेतकऱ्याला कळलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. उंबरगाव, डहाणूकडचे वारली लग्नासाठी थोडे पैसे उचलत आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षं जमीनदाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. किती फिटलं, किती राहिलं, हे मालकच सांगणार. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी या लोकांना संघटित केलं. मे महिन्यात झरी गावात मोठी सभा झाली. पुढं गवतकापणीच्या वेळी संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे.

आता तो दर आजींच्या रीतीने मोडून बघा. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. पाचशेचे पाच वाटे केले की शंभर पौंडाला आठ आणे. म्हणजे दोनशे पौंडाला रुपया, तीनशेला दीड रुपया. दर असा फोडून हातात आला की संध्याकाळी आपले पैसे किती झाले ते मजुराला स्वतःला सांगता येतं.

स्वातंत्र्यानंतर मापं बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ असं ठरलं. म्हणजे एकेक आणा चार वेळा मोडला तर २४ मिळायचे आणि चार आणे एकदम मोडले तर २५. एका पैशाचा फरक, पण पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला तो दिवसातून कितीदा पडत असेल! १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. किलो त्याच्यापेक्षा मोठा. भाव तोच ठेवून किलोने विकलं तर विकणारीचं नुकसान. आजी म्हणाल्या, त्यांच्या आईला हे कळायला पहिला महिना गेला.

आज आपल्या हातात मोबाइल आहे. तो भागाकार चुकत नाही. पण कशाला कशाने भागायचं, हे तो सांगत नाही. म्हणून शेवटचं उदाहरण ऐका. आमच्या ओळखीच्या एका बाईला एक माणूस कर्ज द्यायला आला. १२,००० रुपये, बारा हप्ते, हप्ता १,२४० रुपये. म्हणाला, “व्याज शेकडा दोन, तुमच्या गटासारखंच.” तिने मोबाइलवर बघितलं. १२,००० ला शेकडा दोन म्हणजे २४०. मुद्दलाचे १,०००. बेरीज १,२४०. बरोबर वाटलं.

आजींनी विचारलं, “शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे मुद्दल किती राहील?” १,००० रुपये. “त्यावर व्याज किती?” २४०. म्हणजे त्या महिन्याला शेकडा चोवीस!

गटात आपण उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. पहिल्या महिन्यात २४०, दुसऱ्यात २२०, मग २००, असं उतरत शेवटी २०. सगळं मिळून १,५६० रुपये. त्या माणसाचं व्याज बारा वेळा २४०, म्हणजे २,८८०. फरक १,३२० रुपयांचा. दर सांगताना दोघांनीही शेकडा दोनच सांगितलेला. त्या बाईने सही केली नाही.

आता रोजच्या वापराची रीत सांगते. चाराने भागायचं तर दोनदा अर्धं करा, आठाने तर तीनदा. पाचाने भागायचं तर दुप्पट करून शेवटचं शून्य उडवा. ३४० चे दुप्पट ६८०, म्हणून पाचवा वाटा ६८. अडनिडा आकडा आला तर मोठे घास घ्या. समजा ५,००० रुपये चौदा जणींत वाटायचे. आधी प्रत्येकीला ३०० द्या, ४,२०० गेले, उरले ८००. आणखी ५० द्या, ७०० गेले, उरले १००. आणखी ७ द्या, ९८ गेले. प्रत्येकीला ३५७ आणि बाकी २. ती बाकी गटाच्या पेटीत टाका आणि वहीत लिहा. बाकी लिहायची राहते, तिथूनच गटात कुरबुर सुरू होते.

पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीतला एक भागाकार मोबाइल न काढता सगळ्यांनी मिळून करा, उलटा मोजून बघा आणि मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बाईला “जमत नाही” असं वाटतं, तिला पहिली संधी द्या. घरी चार पोरांत भाकरी वाटताना ती रोज तेच करते.