मुरवलेला दगड

समुद्री मत्स्यालय पाळणाऱ्यांच्या घरात ब्लीचची बादली दोनदा आली. पहिल्यांदा आली ती शोभेसाठी. 1950-60 च्या दशकांत अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मेलेल्या प्रवाळाचे पांढरे सांगाडे मांडलेले असत. त्यांवर शेवाळाची झाक चढली की ते बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, उन्हात वाळवायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. तीच बादली पुढे दुसऱ्यांदा आली, ती वाळका दगड पुन्हा नांदता करण्यासाठी. या दोन बादल्यांच्या मध्ये त्या दगडाची सारी कुळकथा घडली.

खरे तर ती त्याहूनही आधी सुरू होते. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. पुढच्या वर्षी बाईंनी खडकाच्या तुकड्यांना चिकटलेल्या समुद्रवनस्पती मागवून त्या पाण्यात सोडल्या. ॲक्वेरियम हा शब्द फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 च्या पुस्तकामुळे रूढ झाला. म्हणजे दगडासकट समुद्र घरी आणण्याची कल्पना त्या शब्दापेक्षा जुनी आहे. इतिहासात गॉस यांचे नाव मोठे झाले. मला मात्र ते ओतकाम करणारे, नाव मागे न राहिलेले हात जास्त आठवतात.

मग शंभरएक वर्षे दगड नुसता शोभेचा झाला. त्याला पुन्हा मान मिळवून दिला जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. 1961 मध्ये एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात त्यांनी आपली रीत सांगितली: समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे थोडेसे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले दगड. गाळणी नाही. पाणी शुद्ध करण्याचे काम दगडच करत होता. दगडाच्या वरच्या थरातले सूक्ष्मजीव माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जीव त्या नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करून हवेत सोडतात. एकाच दगडाच्या दोन खोल्यांत दोन कारखाने. इंग्रजीत त्याचे नाव ‘लाइव्ह रॉक’ पडले. आपण जिवंत झरा म्हणतो, तसाच हा जिवंत दगड: जीव दगडाचा नव्हे, त्यात राहणाऱ्यांचा.

लींच्या दाराशी समुद्र होता. बर्लिनला तो नव्हता. तरी डीट्रिश स्ट्यूबर आणि त्यांच्या बर्लिनच्या सोबत्यांनी भरपूर जिवंत दगड, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी यांच्या जोरावर घरात कठीण प्रवाळ वाढवून दाखवले. चुन्याच्या निवळीची युक्ती पेटर विल्केन्स यांनी प्रचारात आणली होती. ‘बर्लिन पद्धत’ जगभर गेली आणि दगडाला मागणी आली.

‘क्युअरिंग’ हा शब्द याच मागणीबरोबर रुळला. दगड ओल्या कागदात गुंडाळून खोक्यांतून विमानाने येत. वाटेत त्यांच्यावरचे स्पंज, कृमी, शेवाळ मरत आणि खोके उघडताच कुजका वास सुटे. तसा दगड थेट टाकीत टाकला तर अमोनियाने मासे मरणार. म्हणून दगड वेगळ्या टबात, वाहत्या खाऱ्या पाण्यात ठेवायचे, मेलेला भाग ब्रशने घासायचा, पाणी बदलत राहायचे आणि वास व अमोनिया दोन्ही संपेपर्यंत वाट पाहायची. मला याला ‘मुरवणे’ हाच शब्द योग्य वाटतो. लोणचे मुरायला दिवस लागतात, तसेच इथेही हात चालवून काळ आखडता येत नाही.

मागणीने समुद्राचे कातडे सोलले. फ्लोरिडात 1990 च्या दशकापर्यंत नैसर्गिक जिवंत दगड काढण्यावर बंदी आली. तिथल्या लोकांनी भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर चुनखडीचे दगड टाकून त्यांवर जीव वसू देण्याची शेती सुरू केली. भारतात 2001 मध्ये खडक रचणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि 1987 पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. पण किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालून नेता येत नाही. हे मला अगदी योग्य वाटते. तिथला दगड तिथेच राहावा.

म्हणून जगभरचे लोक कोरड्या दगडाकडे वळले. त्यात दोन कुळे आहेत. एक, जमिनीवरच्या खाणीतून निघालेला प्राचीन प्रवाळाचा चुनखडक. दुसरे, कुणाच्या तरी बंद पडलेल्या टाकीतून निघून माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला दगड. हे दुसरे कूळ अवघड. त्याच्या भोकांत मेलेले जीव सुकून बसलेले असतात, आणि जुन्या पाण्यातले फॉस्फेट त्या कॅल्शियम कार्बोनेटला धरून असते. नव्या टाकीचे पाणी स्वच्छ असते. तेवढ्याने दगड आतले फॉस्फेट सोडू लागतो. पाणी बदलले तरी चार दिवसांनी आकडा पुन्हा वर. लोक माशांच्या खाण्याला दोष देतात, आणि दोषी दगड समोर शांत बसलेला असतो.

दुसरी ब्लीचची बादली इथे येते. ब्लीच आतले मेलेले, सेंद्रिय ते सगळे जाळते. फॉस्फेटला मात्र फारसा हात लावत नाही. त्यासाठी दगड भरपूर धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, ब्लीचचा मागमूस न ठेवता काही जण सौम्य आम्लात घालतात: साधारण दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतायचे आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे. फसफसून दगडाचा वरचा थर विरघळतो आणि त्याबरोबर त्यात धरून ठेवलेले फॉस्फेटही जाते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचे. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, यांत तडजोड नाही.

आणि दगड उकळायचा तर मुळीच नाही. अशा दगडावर झोअँथिड नावाचे, प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव असू शकतात, आणि त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जबर विष असते. ते 1971 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळे काढले. माउई बेटावरच्या हाना गावाजवळच्या एका डबक्यात प्राणघातक ‘शेवाळ’ असल्याची दंतकथा त्यांना त्याच्यापर्यंत घेऊन गेली होती. उकळत्या भांड्यावरच्या वाफेतून या विषाने घरातली माणसे आजारी पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

स्वच्छ झालेला दगड मग झाकणाच्या पिंपात जातो. आरओच्या पाण्यात कालवलेले समुद्री मीठ, हीटर, पाणी फिरवणारा पंप, आणि अंधार. अंधारात शेवाळ वाढत नाही. अमोनियाची चिमूट दिली की काही आठवड्यांनी जीव वस्तीला येतात. मात्र बहुतेक जण त्यात मुरलेल्या टाकीतला मूठभर दगड किंवा वाळू टाकतात. हे विरजण आहे. ते कुणाकडून तरी आणावे लागते. त्या मुठीत काय असते याचा एक पुरावा सिॲटलच्या मत्स्यालयात सापडला. तिथल्या उष्णकटिबंधीय टाकीच्या खडीतून 2005 मध्ये अमोनिया पचवणारा एक आर्किया, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, वेगळा काढला गेला. जमिनीत आणि समुद्रात हे काम जीवाणूच करतात असे तोवर मानले जाई.

त्याच विरजणातून गुलाबी चुनशेवाळाची बीजेही येतात. पिंप उजेडात आणल्यावर काही महिन्यांनी दगडाच्या सावलीतल्या कडेला धण्याएवढा एक गुलाबी ठिपका दिसतो. बोटाने घासला तरी तो निघत नाही.