सारा आणि मत : मुंबई इलाख्यातील मालमत्ताधिष्ठित मताधिकार (१९१९–१९४६)

मुंबई इलाख्यात मत देण्याचा हक्क प्रथम शहराच्या करदात्याला मिळाला. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांकडून निवडले जाऊ लागले. परंतु करदाता म्हणजे वर्षाला किमान ५० रुपये कर भरणारा. गिरणगावातील चाळीत राहणारा कामगार या व्याख्येत बसत नव्हता. जो खजिन्यात भर घालतो त्यानेच खर्चावर देखरेख करावी, हे इंग्लंडमधून आलेले तत्त्व येथे रूढ झाले. अप्रत्यक्ष कर गरीबही भरतो, याचा विचार त्यात नव्हता.

१९१९ च्या मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी हेच तत्त्व खेड्यापर्यंत नेले. इलाख्याच्या कायदेमंडळाचा ग्रामीण मतदार ठरविताना शेतसाऱ्याची आकारणी हे माप धरण्यात आले. बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये आकाराची जमीन असणारा, मग तो धारक असो वा कूळ, मतदार ठरला. रत्नागिरी, पंचमहाल व अपर सिंध फ्रंटियर या तीन जिल्ह्यांत मात्र १६ रुपये पुरेसे होते. कोकणातील खाती लहान आणि वरकस जमिनीचा आकार हलका; तेथे ३२ रुपयांची अट लावली असती तर मतदारयादी फारच आखूड झाली असती.

ही सवलत वरवर किरकोळ वाटते, परंतु या व्यवस्थेचे मर्म तिच्यातच आहे. रयतवारी पद्धतीत आकार ठरे तो जमिनीचा मगदूर, पाण्याची सोय व बाजाराचे अंतर पाहून. त्या आकड्यावरून मातीची प्रत समजे. खातेदाराची समज किंवा सार्वजनिक कामाची पात्रता समजत नसे. रत्नागिरीसाठी माप निम्मे करताना सरकारने हे अप्रत्यक्षपणे मान्यच केले होते. प्रश्न एवढाच उरतो की, माती हलकी म्हणून माप बदलता येते, तर समाजरचनेने ज्यांना जमीन मिळू दिली नाही त्यांच्यासाठी ते का बदलू नये?

हा प्रश्न साउथबरो समितीपुढे आला होता. सिडनहॅम महाविद्यालयात त्यावेळी अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. भीमराव आंबेडकर यांनी जानेवारी १९१९ मध्ये या समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांना किफायतशीर धंदे बंद आहेत. ज्यांना मालमत्ता मिळविण्यापासून रोखले आहे त्यांच्याकडे मताधिकारासाठी मालमत्तेची अट मागणे अन्यायाचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अस्पृश्यांसाठी अट खाली आणावी, ही त्यांची मागणी होती. समितीने मात्र एका प्रदेशात सर्व समाजांना एकच पात्रता हे सूत्र धरले. भूगोलाची विषमता ग्राह्य ठरली, जातीची ठरली नाही. कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. अस्पृश्यांच्या वाट्याला सरकारनियुक्त सभासद आला. पुढे १९२७ मध्ये स्वतः आंबेडकर याच नियुक्तीच्या वाटेने कायदेमंडळात गेले.

स्त्रियांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रीत्वाची आडकाठी दूर केली, पण सातबाऱ्यावर जिचे नावच नाही तिला त्या ठरावाचा उपयोग थोडाच.

आंबेडकरांच्या भूमिकेतील पुढचे स्थित्यंतर अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. १९१९ मध्ये त्यांनी अट कमी करण्याची मागणी केली होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे आणि मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी अटच नको, प्रौढ मताधिकार हवा, अशी भूमिका घेतली. केवळ आशावादातून हा बदल झाला असे म्हणता येत नाही. माप कितीही लहान केले तरी ते मालकीचेच माप राहते, हे मधल्या दशकाच्या अनुभवाने स्पष्ट झाले होते. नेहरू अहवालानेही १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता.

१९३५ च्या कायद्याने मुंबईच्या ग्रामीण भागात सारा ८ रुपयांवर आणला. अनुसूचित जातींसाठी त्यात आणखी दोन पर्यायी पात्रता होत्या: साक्षरता, किंवा गावातील कनिष्ठ सेवेचे काम प्रत्यक्ष केलेले असणे. वेसकरकी आणि तराळकी ही गावगाड्याने लादलेली कामे. तीच आता मतदारयादीत शिरण्याचा दाखला ठरली. १९१९ मध्ये नाकारलेली वेगळी अट सोळा वर्षांनी मान्य झाली, पण ती अशा विचित्र रूपात. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक मतदारांची संख्या १९२० च्या सुमारे ५० लाखांवरून सुमारे ३ कोटींवर गेली, तरी बहुसंख्य प्रौढ बाहेरच राहिले.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुका याच याद्यांच्या आधारे झाल्या आणि त्यांतून निवडून आलेल्या कायदेमंडळांनी संविधान सभेचे सभासद निवडले. शेतसारा, घरभाडे व शिक्षण यांच्या अटींतून गाळून आलेल्या मतदारांची ही सभा होती. तिने अनुच्छेद ३२६ द्वारे २१ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत दिले, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादी करणाऱ्या कर्मचाऱ्याला आकारणीचे पत्रक पाहण्याची गरज उरली नाही.