हवेत तरंगणारं हृदय

बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून बघतो. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजावरून कळते. डॉक्टरांनीही माणसाची छाती कितीतरी वर्षं अशीच बाहेरून तपासली. आतलं हृदय बघायची सोय कशी होत गेली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग लहान मुलांची हृदयं तपासत. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्या छातीवर बोटं ठेवून ठोके ओळखत. त्यांच्याकडे ओठ-नखं निळी पडलेली बाळं येत. या बाळांच्या फुप्फुसांना पुरेसं रक्त मिळत नाही, हे बाईंनी ओळखलं आणि दुसरी रक्तवाहिनी तिकडे जोडायची कल्पना सुचवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. प्रयोगशाळेत ही पद्धत बसवणारे व्हिव्हियन थॉमस मागे उभं राहून त्यांना सांगत होते. ती लेक पुढे काही महिन्यांनी गेली, पण त्याच वाटेने नंतर हजारो मुलं जगली.

तरीही छाती उघडेपर्यंत बराचसा अंदाजच असे. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी आवाजाच्या लहरींनी हृदय तपासलं. आपण ज्याला ‘इको’ म्हणतो, ती तपासणी तिथून सुरू झाली. पुढे सीटी स्कॅन आला. पण पडद्यावरचं चित्र भाकरीसारखं सपाट, आणि हृदय तर चार खोल्यांच्या घरासारखं. भोक कुठे, झडप कुठे, हे डॉक्टरांना मनातच जुळवावं लागे.

इथे होलोग्राम कामाला आला. १९४७ साली इंग्लंडमध्ये डेनिस गॅबर यांनी प्रकाशाच्या मदतीने वस्तूची खोलीही नोंदवायची युक्ती शोधली. १९६० साली लेसर आला, तेव्हा ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. १९७१ साली गॅबर यांना नोबेल मिळालं.

२०१३ साली इस्रायलमधल्या पेताह तिकवा इथल्या मुलांच्या रुग्णालयात आठ रुग्णांवर उपचार करताना हे तंत्र वापरून पाहिलं. एक्स-रे आणि इकोमधून मिळालेलं हृदय डॉक्टरांसमोर हवेत तरंगत होतं. ना पडदा, ना चष्मा. हात पुढे करून त्यांनी ते फिरवून पाहिलं. कुठून आत जायचं, ते समोरच दिसत होतं.

त्याच २०१३ साली आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतात. जन्मजात हृदयदोषही त्यात बघतात.

मैत्रिणींनो, यंत्र कितीही मोठं असो, बाळ तिथवर न्यायला आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. दूध पिताना बाळ दमतं, घामाघूम होतं, ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही. यातलं काही दिसलं, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून थांबू नका. आशाताईला सांगा, लगेच डॉक्टरांकडे न्या. आम्ही गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हे विचारतो. तुम्हीही विचारा.